कागद आमचा, अक्षर जीजींचं

आत्या गेली आणि कुक्षीचं घर आवरायची वेळ आली. भांडी, कपाट, शिवणयंत्र, देव्हारा यांच्या वाटण्या पटापट झाल्या, कोणी कशाला हटकलं नाही. पत्रांच्या ट्रंकेपाशी मात्र सगळे घोटाळले. पत्र्याची ट्रंक, झाकणावर रंग उडालेली फुलं, आत जुन्या लुगड्यांच्या काठांनी बांधलेले गठ्ठे. त्यात आमची पत्रं थोडीच होती. आम्ही इंदूर-पुण्याला गेलेली भाचरं, पत्रं लिहिण्यात आळशी, आणि पुढे फोन आले तेव्हा तर सुटलोच. बाकीची जवळजवळ सगळी पत्रं एकाच हाताची होती. हिंदीतली, मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरांची. ती जीजींची. आत्या त्यांना जीजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणत आलो.

आमचे पणजोबा धार संस्थानच्या नोकरीत होते. कुक्षी हा संस्थानातला एक परगणा. तिथल्या कचेरीत मोडीत हिशेब लिहायला ते आले आणि घर करून राहिले. १९४८ साली धार मध्य भारतात विलीन झालं, १९५६ साली मध्य भारतच मध्य प्रदेशात गेला. नोकऱ्यांची ओढ तशी माणसं उठत गेली. एक शाखा इंदूरला, एक पुण्याला, हल्ली एक न्यू जर्सीला. आत्यानं घर कुक्षीलाच ठेवलं. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शिकवलं. घरात मराठी, ओट्यावर निमाडी, वर्गात हिंदी, आणि हाटाच्या दिवशी भिलाली बोलणाऱ्या बायकांशी त्यांच्या बोलीत भाजीचा भाव. या चारही भाषांत ती सारख्याच ठसक्यात बोलायची. ती गेल्यावर त्या गावात आमचं मराठी बोलणारं कोणी उरलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण परवा कुक्षीच्या स्टँडवर उतरले आणि 'आलीस का गं' म्हणणारं कोणी नव्हतं, तेव्हा बॅग हातात धरून मी बराच वेळ नुसती उभी होते.

तर पत्रं. जीजी आणि आत्या शाळेतल्या मैत्रिणी. जीजींचं लग्न लवकर झालं आणि त्या निसरपूरला गेल्या. कुक्षीहून निसरपूर ते केवढं! पण त्या काळच्या सुनेला ते अंतर विलायतेइतकं होतं. सासूला विचारल्याशिवाय विहिरीपलीकडे पाऊल नाही, तर कुक्षीची बस कुठली. मग पत्रं. काही पोस्टानं आलेली, काही कंडक्टरच्या हाती दिलेली, वहीच्या पानाची चौघडी करून. आत्याच्या बदल्या होऊ लागल्या तसा पोस्टकार्डांचा आणि निळ्या अंतर्देशीय पत्रांचा ओघ सुरू झाला. प्रत्येकाच्या डोक्यावर 'अत्र कुशलं तत्रास्तु', आणि त्याच्या खालीच बहुधा कुशल नसल्याची हकिकत. अंतर्देशीय पत्रात डिंकाच्या पट्टीवर लिहू नये, हे उघड आहे. जीजींना ते कधी पटलं नाही. जागा संपली की त्या पट्टीवर लिहायच्या, कडेनं लिहायच्या, उभ्या ओळींवर आडवं लिहायच्या. आत्यानं पत्र फोडलं की पट्टीवरचे शब्द मधोमध फाटायचे. मग आत्या दोन्ही कडा जुळवून तो शब्द वर पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायची. पत्रापत्रावर तिची ती पेन्सिल आहे. आत्याचं अक्षर आता माझ्यापाशी आहे ते एवढंच.

कारण आत्यानं जीजींना लिहिलेली पत्रं उरलेली नाहीत.

निसरपूर सरदार सरोवराच्या बुडितात गेलं. धरणाच्या पाण्याची १३८.६८ मीटर ही पातळी नर्मदा लवादानं १९७९ साली ठरवली, आणि त्या आकड्याखाली कुक्षी तालुक्यातली गावं त्या दिवसापासून उभी होती. मोजणीवाले आले आणि गेले, कज्जे चालले, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि गाव आपल्या जागी होतं. २०१७ साली धरण राष्ट्राला अर्पण झालं. २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं आणि मागचं पाणी निसरपूरच्या गल्ल्यांत शिरलं. चिखलदाही गेलं. पलीकडच्या काठावर बडवानीजवळचा राजघाट गेला, जिथे गांधीजींच्या अस्थींचं स्मारक होतं. ते दोन वर्षं आधीच उचलून नेलं होतं. जीजींच्या घरातल्यांनी गुरं सोडली, गहू बाहेर काढला, पोरं काढली. आत्याची पत्रं धान्याच्या कोठीमागच्या फडताळात होती. ती काढायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून उरलंय ते असं आहे. दोघींच्या जन्मभराच्या बोलण्यातला एकीचाच आवाज. आणि तो नेमका आमच्या माणसाचा नाही.

इंदूरच्या एका संस्थेतले लोक जुने कागद गोळा करतात, त्यांची छायाचित्रं घेतात आणि ती सगळ्यांना पाहता येतील अशी नेटवर ठेवतात. चांगलं काम आहे, माणसंही जीव लावून करतात. चुलतभावाकडून त्यांना या ट्रंकेचं कळलं आणि त्यांचा फोन आला. न्यू जर्सीच्या भावाचं म्हणणं, ताबडतोब देऊन टाका. वाळवी लागली, पाऊस लागला तर काय करणार? घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एका पोस्टकार्डाचा फोटो टाकलाही आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली.

मला त्यांचं म्हणणं परकं वाटलं नाही. पत्रं वाचताना मलाही तोच मोह होत होता. बुडालेल्या गावाबद्दल अहवाल ढीगभर आहेत, निकालपत्रं आहेत, धरणाविरुद्धच्या आंदोलनाची पत्रकं आहेत. नंदिनी ओझा यांनी वर्षानुवर्षं खोऱ्यात फिरून माणसांच्या तोंडून लढ्याचा इतिहास टिपला, त्यातून 'लढा नर्मदेचा' हे मराठी पुस्तक आलं. पण निमाडातल्या एका घरच्या सुनेनं स्वतःच्या हातानं, त्या त्या दिवशी, कोणी विचारलं नसताना लिहिलेलं किती सापडणार? कापसाला काय भाव मिळाला, मिरची कशी करपली, उरी-बाघनीला पूर आला तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, मुलीला आठवीनंतर कुक्षीला ठेवावं का, मोजणीवाल्यांनी आज ओसरी मोजली पण गोठा मोजला नाही. हे सगळं त्यात आहे. असा कागद ट्रंकेत ठेवणं हेही एक प्रकारचं बुडवणंच, असं माझ्या मनात येऊन गेलं.

पण संस्थेनं पाठवलेल्या फॉर्मवर एक ओळ होती. 'वरील साहित्याचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत व ते प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे.' खाली सहीची जागा. तिथे माझा हात अडला.

हक्क माझ्याकडे नाहीत. ही भावनेची गोष्ट नाही, कायद्याची आहे, आणि कायदा या बाबतीत फार जुना आणि फार स्पष्ट आहे. १७४१ साली लंडनला कवी अलेक्झांडर पोप यानं एडमंड कर्ल नावाच्या पुस्तकविक्याला कोर्टात खेचलं. कर्लनं पोपची पत्रं परस्पर छापली होती. पत्र ज्याला पाठवलं त्याचंच झालं, असं कर्लचं म्हणणं. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी ते मानलं नाही. पत्र मिळालेल्याची मालकी फार तर कागदावर. त्यातला मजकूर छापण्याची परवानगी त्याला मिळालेली नसते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही लिहिणाऱ्याला लेखक मानतो, मग ते लिखाण कादंबरी असो की पोस्टकार्ड. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क त्याचा आणि त्याच्या वारसांचा. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथांच्या जाण्याला १९९१ मध्ये पन्नास वर्षं भरली तेव्हा ती वाढवून साठ केली. जे लिखाण लेखकाच्या हयातीत छापलंच नव्हतं, त्याची साठ वर्षं तर छापल्यानंतर सुरू होतात. ग्रंथालयात पडून असलेला अप्रकाशित कागद अभ्यासासाठी उतरवून घ्यायचा तरी लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं थांबावं लागतं.

म्हणजे आत्याच्या पत्रांचा हक्क आम्हा भाचरांकडे आला आहे, पण ती पत्रं पाण्याखाली आहेत. आणि जी पत्रं आमच्या हातात आहेत त्यांच्यातला शब्दही आमचा नाही. कायद्याचं हे वाटप पहिल्यांदा समजलं तेव्हा मला ते क्रूर वाटलं होतं. आता वाटत नाही. मैत्रिणीला उद्देशून सांगितलेलं गाऱ्हाणं ती मैत्रीण मेली म्हणून तिच्या भाचीचं कसं होईल?

मराठीत या प्रश्नाची सवय आपल्याला फारशी लागली नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे जुनी पत्रं म्हणजे इतिहास. राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडले, वाण्याच्या पुडीला जाणारे कागद वाचवले, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड बावीस खंडांपर्यंत गेली. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून पंचेचाळीस खंड काढले. पानिपताच्या वेळची पत्रं आज शाळेतली मुलं वाचतात. त्यांत कोणाची रडकथा, कोणाचा घरचा तंटा, कोणाचं कर्ज आहे. लिहिणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारायला कोणी उरलंही नव्हतं. दीडशे वर्षांची धूळ ही एक मोठी परवानगी असते, असं मी मानते. राजवाड्यांचं ऋण मान्य केल्याशिवाय आपल्याला आपलं पूर्वीचं काही कळणारच नाही. पण तीच नजर आपण कालच्या पत्रांवरही टाकतो. जुनं दिसलं की ते सगळ्यांचं, असं आपल्या हाडीमाशी खिळलंय.

जवळच्या काळातली उदाहरणं मात्र मला नीट लावून बघावी लागली. कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या पहिल्या स्त्री, आणि त्याच वर्षी गेल्या. आमच्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत त्या संमेलनाच्या आठवणी अजून निघतात. त्यांची आणि कवी अनिलांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' या नावानं १९७२ साली आली. पुस्तकातला निम्मा आवाज ज्यांचा, त्या तेव्हा नव्हत्या. दुसरा निम्मा ज्यांचा, त्यांनीच ती जगापुढे ठेवली. मी ते पुस्तक वाचलंय आणि पुन्हा वाचीन. तरी कुसुमावतींची पत्रं वाचताना दर थोड्या वेळानं मान वर करून बघावंसं वाटतं, त्या आल्या तर काय म्हणतील म्हणून.

जी. ए. कुलकर्ण्यांचं त्याहून अवघड. काळ्या चष्म्याआड राहिलेला, समारंभांना न जाणारा हा माणूस १९८७ मध्ये गेला आणि त्यानंतर त्याची पत्रं खंडांमागून खंड छापली गेली. सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली तर मराठीतली फार मोठी पत्रं आहेत. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं वेगळी, नंतर, 'प्रिय जी. ए.' म्हणून आली, सुनीताबाई हयात असताना. मला ते दुसरं पुस्तक जास्त निश्चिंतपणे वाचता येतं. ज्यानं लिहिलं त्यानं दिलं. दोन मित्रांच्या पत्रव्यवहाराची दोन अर्धुकं दोन निरनिराळ्या माणसांची असतात, हे त्या दोन पुस्तकांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की फार चटकन कळतं.

आणि मग देवास. इंदूरहून देवासला मी लहानपणापासून जाते, टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला. त्या टेकडीचं नाव घेऊन ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे ते १९१२-१३ मध्ये पाहुणे होते आणि १९२१ मध्ये काही महिने खासगी सचिव. तेव्हा आईला आणि इतर आप्तांना लिहिलेली पत्रं त्यांनी काटछाट करून छापली. स्वतःची पत्रं, स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या हातानं. हक्काचा प्रश्नच नाही. पण पुस्तक उघडलं की पानोपान दुसऱ्याचं घर आहे. महाराजांचा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मुलीशी मोडलेला संसार, युवराजाचं बापाचं घर सोडून जाणं, संस्थानाचं दिवाळं, शेवटी महाराजांचं पाँडिचेरीला निघून जाणं आणि १९३७ साली तिथेच मरणं. फॉर्स्टर यांचं त्यांच्यावर खरं प्रेम होतं, ते ओळीओळीतून जाणवतं. पण ज्याच्याबद्दल लिहिलं तो सोळा वर्षांपूर्वी गेला होता, आणि त्याचा मुलगा जिवंत होता, कोल्हापूरला दत्तक जाऊन छत्रपती शहाजी झालेला. फॉर्स्टर यांनी देवासमधल्या स्वतःच्या खासगी आयुष्याचा सगळ्यात नाजूक भाग मात्र त्या पुस्तकात घातला नाही. तो लिहून बाजूला ठेवला. ते १९७० मध्ये गेले, आणि तो भाग १९८३ साली छापून आला. स्वतःसाठी जे दार त्यांनी लावून घेतलं तेवढं तरी महाराजांना मिळायला हवं होतं, असं मला वाटतं. पत्रात लिहिणारा एक, वाचणारा एक, आणि ज्याच्याविषयी लिहिलं तो तिसरा. कायदा पहिल्याचा हक्क सांभाळतो. तिसऱ्याचं काय, हे कायद्यानं फारसं ठरवलेलं नाही. जीजींच्या पत्रांत असे तिसरे पुष्कळ होते. त्यांतले काही हयात आहेत, काहींची मुलं कुक्षीच्या बाजारात दुकानं चालवतात.

सही न करता मी ट्रंक इंदूरला आणली आणि पत्रं तारखांप्रमाणे लावायला बसले. आता तेवढंच वाचायचं असं ठरवलं होतं, तारीख आणि गाव. लावता लावता एक निळं पत्र हाती आलं. त्याच्या बाहेरच्या घडीवर, पत्त्याच्या मागच्या अंगाला, जागा नसताना दडपून लिहिलेली एकच ओळ होती: 'पढ़कर फाड़ देना।'

आत्यानं ते फाडलं नव्हतं. उलट घडीवर विरलेलं ते पत्र पातळ कागदाची पट्टी लावून सांधलं होतं.

मी ते उघडलं नाही. उघडं पडलेलंच होतं, पण वाचलं नाही, बाजूला ठेवलं. पुढे बराच वेळ मला दुसरं काही सुचेना. आत्या शब्दाची पक्की होती. वर्गात कोणा मुलीनं खासगीत सांगितलेलं तिच्या आईलाही कळायचं नाही. अशा बाईनं एवढी स्पष्ट विनंती का मोडली असेल? मला एकच कारण सुचतं. ते पत्र फाडलं असतं तर मैत्रिणीनं तिला एकटीला दाखवलेलं काहीतरी जगातून नाहीसं झालं असतं, आणि तेवढी ताकद तिला आली नसावी. आमच्यासारख्यांच्या साठवणुकीतही प्रेमच असतं. पण आत्यानं ते पत्र ठेवलं ते स्वतःपुरतं. तिनं कोणाला दाखवलं नाही. जपणं आणि दाखवणं यांत तिनं जी रेघ राखली, ती फोटो काढून नेटवर चढवताना एका बोटाच्या टिचकीनं पुसली जाते.

ट्रंक घेऊन मी जीजींकडे गेले. नवं निसरपूर, पुनर्वसनाच्या जागेवरचं. सरळ रेषेतले रस्ते, सारख्या मापाचे तुकडे, आणि त्यावर ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं उभारलेली घरं. जीजी ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, जाड भिंग लागतं. आत्याचं सगळं विचारून झालं, शेवटच्या दिवसांत काय खात होती इथपर्यंत. मग मी ट्रंक उघडली. त्या कितीतरी वेळ कशालाही हात न लावता नुसत्या बघत होत्या.

"हे सगळं माझं?" त्यांनी हिंदीत विचारलं. मग म्हणाल्या, "हिनं एकही टाकलं नाही?"

मी संस्थेचं सांगितलं. नेट म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. नातीच्या मोबाइलवर त्या सकाळी भजनं ऐकतात, आणि गावात कोणाचा कसला व्हिडिओ फिरला आणि त्यानं काय झालं हे त्या माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. त्यांनी एवढंच विचारलं, "एकदा टाकलं की परत काढता येतं का?" मी खरं सांगितलं, की तिथून काढता येतं, पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडून येत नाही. त्यावर त्या गप्प बसल्या.

मग निळं पत्र दिलं. वरची ओळ त्यांनी भिंगातून वाचली आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. राग नव्हता तो. "मास्तरीण," एवढंच म्हणाल्या. आत्याला त्या मास्तरीण म्हणायच्या. त्यांना ते पत्र शांतपणे वाचता यावं म्हणून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत आले तेव्हा पत्र त्यांच्या कमरेच्या बटव्यात गेलेलं होतं. ते माझ्याकडे परत आलं नाही, आणि येऊही नये.

बाकीच्या पत्रांना दिवस लागला. नात वाचायची, जीजी ऐकायच्या आणि हात उजवीकडे किंवा डावीकडे करायच्या. पुराची, पिकांची, शाळेची, मोजणीची, बाजारभावाची पत्रं उजवीकडे. सासूची, जावेची, दिराच्या कर्जाची, एका शेजारणीच्या मुलीची पत्रं डावीकडे. मी एकदा म्हटलं, त्या सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली. जीजी म्हणाल्या, "त्या गेल्या, पण आता त्यांचं कोण बोलणार? मी रागात लिहिलेलं तेवढंच लोकांना दिसेल." माझ्या वाचनात या विषयावर पुष्कळ आलंय, पण मेलेल्या तिसऱ्या माणसाची बाजू इतकी सरळ कोणी मांडलेली मी पाहिली नाही. आणि मांडली कोणी, तर जिला त्या सासूनं विहिरीपलीकडे जाऊ दिलं नव्हतं तिनं.

उजवीकडच्या पत्रांनाही अटी लागल्या. माणसांची नावं झाकायची. त्यांचं स्वतःचं नाव त्या असेपर्यंत घालायचं नाही, नंतर नात ठरवेल. डावीकडचा गठ्ठा त्यांनी लुगड्याच्या त्याच काठानं बांधला आणि ठेवून घेतला. मी एकही मागितलं नाही, पण पेन्सिलीच्या खुणा असलेलं एक पोस्टकार्ड त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिलं. मजकूर साधा होता, बी-बियाण्याचा. त्यांना कळलं होतं मला काय हवंय ते.

संध्याकाळी त्या आत्याच्या पत्रांबद्दल बोलू लागल्या, जी कोठीमागे राहिली त्यांच्याबद्दल. कोणत्या साली काय लिहिलं होतं, कोणत्या पत्रात आत्या रडली होती, कोणत्यात भांडली होती. शब्दन्‌शब्द त्यांना येत होता. वारस म्हणून आत्याच्या शब्दांवर माझा कायदेशीर हक्क आहे, आणि तिचे शब्द आता फक्त या एका म्हातारीच्या तोंडी उरलेत. फोनवर रेकॉर्डिंग लावावं म्हणून मी हात पुढे केला. जीजींनी बोलणं थांबवलं नाही, नुसता माझा हात धरला. मी फोन उलटा ठेवला. रात्री उशिरापर्यंत त्या बोलत राहिल्या. त्यात माझ्या माहितीची आत्या थोडी आणि नवी आत्या फार होती. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहायचं नाही असं आमचं त्या रात्री ठरलं.

फॉर्मवरची ती ओळ मी खोडली आणि खाली लिहिलं की मजकुराचा हक्क लेखिकेचा, तिच्या परवानगीनं आणि तिच्या अटींवर. संस्थेतल्या मुलीनं ते दोनदा वाचलं आणि नवा फॉर्म करायला घेतला, कागद देणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा अशा दोन रकान्यांचा.

हा लेख छापायला देण्याआधी मी जीजींना फोनवरून हिंदीत सांगून ऐकवला. दोन जागा त्यांनी काढायला लावल्या, त्या काढल्या. मग म्हणाल्या, एक घाल. माझ्या कुठल्याही पत्राला तिनं उत्तर दिलं नाही असं कधी झालं नाही. तिची पत्रं दिसत नाहीत म्हणून कोणाला वाटायचं मी एकटीच लिहीत होते, म्हणून हे लिही.